चौथीच्या ब्लॉगवरची हजेरी

माझ्या सेवापुस्तकात एक लेखी ताकीद आहे. 'कर्तव्यात कसूर' असे शब्द आहेत तिच्यात. माझ्याबरोबरीच्या शिक्षिका असल्या गोष्टी लपवून ठेवतात. मी विचारणाऱ्याला चहा पाजून सगळं सांगते. माझं डोकं लवकर तापतं हे खरं. शिंदखेड्याच्या माहेरापासून चोपड्याच्या सासरपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. पण ही ताकीद डोकं तापल्यामुळे मिळालेली नाही. ती चौथीच्या पोरांनी लिहिलेल्या ब्लॉगमुळे मिळाली, आणि त्या ब्लॉगवरचं एक अक्षरही मी अजून पुसलेलं नाही.

चोपड्याहून सातपुड्याच्या अंगानं निघालं की केळीच्या बागा संपतात, मग कापूस लागतो, आणि कापूसही विरळ व्हायला लागला की आमच्या शाळेचं गाव येतं. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतच. पाचवीला तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावात जायचं आणि त्यासाठी चौथी पूर्ण केल्याचा दाखला लागायचा. वर्गात निम्मी पोरं गावातली, निम्मी वरच्या पाड्यावरची. गावातली पोरं अहिराणी बोलत, पाड्यावरची आपसात त्यांची भाषा बोलत, आणि माझ्याशी बोलायची वेळ आली की दोन्हीकडची गप्प बसत. पहिले दोन महिने मी जवळपास भिंतीलाच शिकवत होते.

ग्रामपंचायतीनं शाळेला एक संगणक दिलेला होता. मुख्याध्यापकांनी त्याला कुंकू लावलं होतं, प्लास्टिकच्या कव्हरात घातलं होतं आणि ऑफिसच्या कोपऱ्यात ठेवून दिलं होतं. "बिघडला तर जबाबदारी कोणाची, ताई?" असं ते विचारायचे. मी म्हटलं, माझी. कव्हर काढलं, संगणक वर्गात आणला, इंटरनेटसाठी माझाच फोन खिडकीच्या गजाला बांधला, कारण रेंज फक्त तिथं यायची. आणि वर्गाचा ब्लॉग सुरू केला. पोरांची नावं आणि फोटो त्यावर टाकायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवलं. बाकी सगळं पोरांचं.

आमचा एकच नियम होता, एकट्यानं लिहायचं नाही. चौघांची टोळी करायची. एक सांगणारा, एक कागदावर लिहिणारा, एक टाइप करणारा आणि एक विचारणारा. विचारणाऱ्याला सगळ्यात मान. प्रत्येक वाक्यापाशी थांबून त्यानं म्हणायचं, "तुले कसं समजनं?" उत्तर आलं नाही तर वाक्य खोडायचं, नाहीतर उठून जाऊन विचारून यायचं. भरताच्या वांग्यांवर पोरांनी लिहायला घेतलं तेव्हा 'वांगं काटक्यांवर भाजतात' या एका ओळीवर टोळी अर्धा तास अडली होती. कसल्या काटक्या? शेवटी दोघीजणी पळत घरी गेल्या आणि आजीला विचारून आल्या, तुरीच्या वाळलेल्या काड्या. त्या लेखाखाली सुरतेला कामाला गेलेल्या कोणाच्या तरी मामानं लिहिलं, 'पोरांनो, वास आला.' ते वाचून वर्गानं जो आरडाओरडा केला, तो ऐकून मुख्याध्यापक ऑफिसातून धावत आले.

या खेळात वरच्या पाड्यावरची एक मुलगी उघडी पडली. उघडी म्हणजे चांगल्या अर्थानं. पहिली ते तिसरी ही मुलगी कोणाच्या लक्षातही आली नव्हती. आधीच्या नोंदीत प्रत्येक वर्षी 'अबोल' एवढा एकच शब्द. तिला विचारणारीचं काम मिळालं आणि तिचं तोंड उघडलं ते मिटेचना. मी फळ्यावर लिहिलेलंही सोडायची नाही. एकदा मी सांगितलं, तापी पश्चिमेला वाहते, तर म्हणे, "मॅडम, तुमले कसं समजनं? तुम्ही तिनासंगे गयतात का?" मी तिला बस म्हटलं, पण मनातून खूश झाले.

दिवाळी झाली आणि पाड्यावरची माणसं दरवर्षीप्रमाणे गुजरातेत ऊसतोडीला निघाली. तिचे आईवडीलही. घरी कोणी मागे राहणार नव्हतं, म्हणजे तीही जाणार. अशा मुलांसाठी आम्ही एक हमीपत्र देतो, तिकडच्या शाळेत दाखवलं की बसू देतात. मी ते भरून दिलं. पण तिकडची शाळा गुजराती, आणि ऊसवाल्यांचा पडाव म्हणजे शेताच्या कडेला ताडपत्रीच्या खोपटांची रांग, आज इथं तर पंधरा दिवसांनी भलतीकडेच. ते हमीपत्र पत्र्याच्या पेटीत जाणार हे मला माहीत होतं आणि तिच्या आईलाही माहीत होतं. आई दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, पोरगी चौथी पास करून द्या. नाही झाली तर पुढच्या वर्षी तिच्याही हातात कोयता येईल. तिचा बाप ऐकणार नाही."

मुलगी मात्र वेगळ्याच काळजीत होती. येत्या सोमवारी तिची लिहिणारीची पाळी होती. वर्गानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं, पाळी चुकवायची नाही. तिनं तिकडे कागदावर लिहायचं, बापाच्या फोनवरून फोटो पाठवायचा, इथल्यांनी टाइप करायचं आणि प्रश्न परत पाठवायचे. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर, असलं काही चालेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि दहा दिवसांनी फोटो आला. तिरका, कडेला अंगठा. 'ऊस बुडाशी तोडतात. शेंड्याकडचं हिरवं वाढं बैलाला घालतात.' इतकंच. इकडच्या विचारणाऱ्यानं प्रश्न पाठवला, एक बैल किती वाढं खातो. चार दिवसांनी उत्तर आलं, 'मोजलं. सहा पेंढ्या. सातवी घातली तर तुडवतो.' वर्ग वेडा झाला. मग येतच राहिलं. कधी आठवड्याला, कधी दोन दिवसांत. गाडी कशी भरतात, पाचट जाळल्यावर कुठले पक्षी येतात, पडावावर पाणी कुठून आणतात, कारखान्याची शिटी किती लांबून ऐकू येते. अक्षर बारीक होत गेलं आणि वाक्यं मोठी होत गेली. आमच्या चौथीत तिच्याइतकं त्या हिवाळ्यात कोणीच लिहिलं नाही.

एक दिवस हजेरी घेत होते. सवयीनं तिचंही नाव घेतलं आणि 'गै' मांडायला पेन टेकवलं. पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "मॅडम, ती हजर शे. काल तिनंच लिखं ना!" मी हसले. तोवर बठ्ठा, सगळाच्या सगळा वर्ग उभा. "हजर शे! हजर शे!" मी 'ह' मांडला. त्यात फार विचार नव्हता. ज्या पोरीचं उत्तर काल फळ्यावर लिहून घेतलं, तिला आज गैरहजर कोणत्या तोंडानं म्हणू? त्यानंतर तसाच रिवाज पडला. तिचं लिखाण आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी 'ह', एरवी 'गै'. खिचडीच्या ताटांत मात्र तिला कधी धरलं नाही. तिच्या नावानं एक मूठ तांदूळही शिजला नाही. एवढी अक्कल मला होती.

आमच्या भागाचे विस्तार अधिकारी, आम्ही त्यांना साहेबच म्हणतो, माणूस वाईट नव्हता. त्यांना ब्लॉग आवडला होता. शिक्षकांच्या मासिक बैठकीत एकदा त्यांनी पडदा लावायला सांगितला आणि म्हणाले, "बघा, एका खेड्यातल्या चौथीनं काय केलंय." मी मागच्या रांगेत साडीचा पदर सारखा करत बसले होते. साहेबांनी ब्लॉग उघडला. वर सगळ्यात ताजा लेख होता. पोरांनी आदल्याच संध्याकाळी टाकलेला, 'आमच्या वर्गात हजेरी कशी घेतात'. साहेब कौतुकानं मोठ्यानं वाचायला लागले. 'आमची एक मैत्रीण ऊसतोडीला गेली आहे. तिचं नाव आलं की आम्ही सगळे हजर म्हणतो. मॅडम हजर मांडतात.'

पुढचं त्यांनी वाचलं नाही. कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी ब्लॉग बंद केला.

दोन दिवसांत नोटीस आली. त्यात तीन गोष्टी होत्या. हजेरीपत्रक दुरुस्त करा, लेख काढून टाका, आणि मुलगी सतत गैरहजर म्हणून तिचं नाव पटावरून कमी करा. पहिल्या दोहोंचं काय ते मी पाहून घेतलं असतं, पण तिसऱ्यापाशी मी अडले. नाव गेलं की निकाल गेला, निकाल गेला की दाखला गेला, आणि दाखला गेला की आईनं दारात उभं राहून जे सांगितलं होतं तेच होणार.

मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. "ताई, लेख काढून टाका ना. दोन बोटांचं काम."

"पोरांनी खरं लिहिलंय, सर."

"खरं लिहिलंय म्हणूनच तर काढायचं!" आणि हे बोलल्यावर ते स्वतःच खिडकीबाहेर बघायला लागले.

मी वर्गात गेले आणि पोरांना सगळं सांगितलं. लपवून काय करणार होते? त्या दिवशीचा विचारणारा उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, आपण खोटं लिखं का?" नाही म्हटलं. "मग काढी कसाले टाकानं?" वर्षभर या पोरांना मी एकेका वाक्यासाठी गावभर पळवलं होतं. आता त्यांच्यासमोर उभं राहून म्हणू, की खरं असलं तरी साहेबांना आवडलं नाही की पुसायचं? मग उद्यापासून त्यांना शिकवायचं तरी काय?

मी साहेबांकडे गेले. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, "मॅडम, तुमची भावना कळते. पण उद्या दुसरी शाळा म्हणेल आमची सगळीच पोरं ब्लॉगवर हजर आहेत. मग?" हे बोलणं चुकीचं नव्हतं. चुकीचं नव्हतं म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, "हजेरी मी दुरुस्त करते. ती माझी चूक, माझी सही. पण लेख निघणार नाही आणि नाव कमी होणार नाही. तिचं सगळं लिखाण तारखेनिशी आहे, त्यावरून तिचं मूल्यमापन होतं. हा घ्या गठ्ठा."

त्यांनी गठ्ठा चाळला. बराच वेळ चाळला. मग म्हणाले, "हे तिनंच लिहिलं कशावरून? एवढं लहान पोर, पडावावर, कोणी शिकवायला नाही. तुम्हीच इथं बसून लिहिलं नसेल कशावरून?"

आमच्या वर्गाचाच प्रश्न होता तो, फक्त खुर्ची वेगळी. साहेबांनी शेवटचं सांगितलं, निकाल लावायच्या आधी मुलगी समोर आणा, माझ्यासमोर लिहू दे. लिहिलं तर नाव राहील.

मी शाळेत येऊन लाल पेन घेतलं आणि तिचा एकेक 'ह' खोडून त्याजागी 'गै' केला, शेजारी सही केली. किती वेळा ते मोजलं नाही. पोरं बघत होती.

पुढचे पंधरा दिवस मी फोनच करत होते. मजुरांना तोडीला घेऊन गेलेला मुकादम सोडायला तयार नव्हता, हंगाम संपेपर्यंत कोणी हलायचं नाही म्हणाला. त्याला मी अशा अहिराणीत झापलं, की माझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागल्या. त्याच्यावर काही परिणाम झाला असं मला वाटत नाही. पण तिची आई कोणाला न विचारता निघाली. नवापूर, धुळे, चोपडा अशा एसट्या बदलत, पोरीला घेऊन, भर एप्रिलच्या उन्हात ती शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगी उंच झाली होती. उसाच्या पात्यांनी तिच्या हातांवर बारीक बारीक रेघा ओढल्या होत्या. वर्ग तिच्यावर तुटून पडला, आणि मी रडले. सगळ्यांसमोर रडले.

साहेब आले. ऑफिसात टेबलावर कोरा कागद ठेवला आणि प्रेमानंच म्हणाले, "बाळ, पडावावर काय पाहिलंस ते दहा ओळी लिही. घाई नाही." तिची आई भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडात धरून.

मुलीनं पेन हातात घेतलं, आणि लिहीना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती कागदाकडे बघायची, दाराकडे बघायची. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम," एवढंच म्हणाले. मला तिचा राग आला, अगदी खरं सांगते, असा राग आला की मी ओरडलेच, "अगं लिही ना!"

तिनं पेन खाली ठेवलं. "मॅडम, एकली कशी लिखू? सांगणारा कोठे शे? विचारणारा कोठे शे?"

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे तिकडून पाठवत होतीस ते कोणी सांगायचं? मॅडम सांगायच्या फोनवर?"

"नही. तठली पोरं."

"कोणती पोरं?"

मग ती बोलायला लागली. पडावावर आणखी पाच पोरं होती, कोणी धडगावकडची, कोणी डांगातली. कोणालाच लिहिता येत नव्हतं. गाड्या भरायला गेल्या की ही त्यांना घेऊन बसायची. एक सांगायचा, ही लिहायची, आणि एक सहा वर्षांची पोर विचारायची. तिला आमच्या चौथीचा प्रश्न तिच्या भाषेत शिकवला होता. बैलानं सहा पेंढ्या खाल्ल्या हे त्या पोरीनंच बैलाशेजारी बसून मोजलं होतं. सातवी तीच घालून बघायला लागली. या पाचांतलं कुठलंही पोर कुठल्या शाळेत जात नव्हतं. आमची ही विद्यार्थिनी, जिच्या नावापुढे मी नुकतंच लाल शाईनं गैरहजर लिहिलं होतं, ती तिकडे रोज वर्ग भरवत होती.

मी व्हरांड्यात गेले आणि वर्गातल्या दोघांना आत घेऊन आले. साहेब म्हणाले, "हे नियमात बसत नाही." मी म्हटलं, "लिहिणारी तीच आहे, साहेब. हे फक्त विचारतील. तुम्हीही विचारा." साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "विचारू द्या," म्हणाले.

दहा ओळी सांगितल्या होत्या. दोन पानं झाली. पोरांनी तिला जागोजागी अडवलं. शेवटी साहेबांनीच विचारलं, कारखान्याची शिटी ऐकू आली की पडावावर काय करतात. ती म्हणाली, "काहीच नाही. ती आपल्यासाठी नसते." आणि तेही तिनं लिहिलं. साहेबांनी पानाखाली 'माझ्यासमोर स्वतः लिहिले' असं लिहून सही केली. उठताना मला म्हणाले, "नाव राहील. पण हजेरीबद्दल ताकीद द्यावीच लागेल मला." मी म्हटलं, "द्या." आईला त्यातलं 'नाव राहील' एवढंच कळलं असावं. ती भिंतीला धरून खाली बसली.

दाखला तयार झाला. आता ती मोठ्या गावच्या शाळेत, वसतिगृहात राहून पाचवीत जाते, आणि तिथल्या सरांच्या नाकी नऊ आणते असं ऐकलं.

पण त्या दिवशी साहेब गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. आई बाहेर हाक मारत होती, बस चुकली असती. तिच्या हातात चुरगळलेला कागद होता, त्यावर पाच नावं, तिच्याच अक्षरात. "मॅडम," ती म्हणाली, "त्यासनी हजेरी कोन लेस?"

नोटिशीला मी उत्तर दिलं होतं, साहेबांना दिलं होतं, मुकादमाला तर नको इतकं दिलं होतं. आता तिला द्यायचं होतं. मी हजेरीपत्रक पुढे ओढलं. तिचं नाव होतं तिथून खाली ओळी कोऱ्या होत्या. एकेक करून पाचही नावं लिहिली, पेनानं, आणि प्रत्येकापुढे 'ह' मांडला.